दुसरी पाळी, दोन ते पाच

टाचणीबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. शर्टांना काजं पाडायच्या विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही सुपरवायझरला त्यांच्यासमोर पाय पसरून बसायची हिंमत झाली नाही. अंगानं काडी, डोकं तेवढं गोल, आणि जवळ गेलं की टोचणार. संपाच्या वेळी मालकाच्या गाडीपुढं गेटवर आडव्या पडल्या होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर पडल्यापडल्याच म्हणाल्या, "जरा जोरात वाजव रे, डोळा लागतोय."

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. टाचणीबाईंनी रडण्याऐवजी आपली मशीन मागितली. काजाची नव्हे, शेजारची साधी शिलाईची, पण कारखान्याची, गडगडणाऱ्या मोटरची. ती मिळेपर्यंत त्या ऑफिसच्या दारातून हलल्या नाहीत. मशीन हातगाडीवर घालून घरी आणली तेव्हा घरात ती ठेवायला जागा नव्हती. जागा होती, पण ती सगळी कुणाकुणाची होती. नवऱ्याची खुर्ची, मुलाचं टेबल, पाहुण्यांचा दिवाण. बाईचं म्हणून जे होतं ते म्हणजे ओटा, आणि ओट्यावर कोण शिवतं?

त्यांनी नवऱ्याला लेखी मागणीपत्र दिलं. मागणी एकच: मागची गॅलरी. रुंदी तीन फूट, लांबी सात. नवरा हसला. चौथ्या दिवशी मात्र सही करून मोकळा झाला, कारण चार दिवस टाचणीबाई त्याच्याशी फक्त "कामगार प्रतिनिधी या नात्यानं" बोलत होत्या. गॅलरीला काचा लागल्या, मशीन बसली. घरातलं जेवण, भांडी, झाडलोट ही पहिली पाळी. दुपारी दोनला गॅलरीत जायचं ते पाचला उठायचं, ही दुसरी. म्हणून त्या जागेचंच नाव पडलं दुसरी पाळी. "आई कुठंय?" "दुसऱ्या पाळीला." पुढं नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, सून आली, तरी नाव तेच राहिलं. सून आल्याच्या आठवड्यात तिला बजावलं गेलं, "दोन ते पाच घराला आग लागली तरच हाक मारायची. लहान आग असेल तर तीही नाही."

तिथं त्या गोधड्या शिवायच्या. दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोधडीवाल्या सात जणी जमत, त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या जागेला असंच काही ना काही नाव होतं. जिन्याखाली बसणारीची ती ढोली. वरच्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या न्हाणीघरात मशीन मांडलेली, तिचा दरबार. जेवणाच्या टेबलावर दोन जेवणांच्या मधे शिवायची तिनं आपल्या जागेला उसनी असं सरळ नाव दिलं होतं. आणि सगळ्यांत वयस्कर, जिला सगळ्या मोठीबाई म्हणत, ती अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या पायाशी बसून हातानं टाके घालायची. तिच्या जागेचं नाव पायथा. पायथ्याची कुणी थट्टा करत नसे.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग मुलानं आईला भेट दिली.

भेट म्हणजे नवी मोटर. जुनी मोटर एकदा चालू केली की मशीन चालो न चालो, गडगडतच राहायची. दोन ते पाच घरात टीव्ही लावून उपयोग नसे. नवी मोटर मुकी. पाय दाबला तरच फिरणार, आणि फिरली तरी मांजर गुरगुरावं इतपतच. मुलगा खूश, सून खूश. टाचणीबाई म्हणाल्या, "आवाज न करणारं यंत्र आणि आवाज न करणारा कामगार, दोघांवर माझा विश्वास नाही." पण पोरानं हौसेनं आणलेली, बसवून घेतली.

पहिल्याच दुपारी त्यांनी अस्तराची एक लांब शिलाई मारली आणि टोकाला येऊन थांबल्या. मशीन थांबली. आणि आवाज थांबला नाही.

टक, टक, टक, टक. भिंतीतून. चार टाके. मग शांत.

त्यांना वाटलं, घुमला असेल. पुन्हा शिलाई मारली, थांबल्या. पुन्हा तेच: आपण थांबल्यावर कुणीतरी चार टाके पुढं जातं, आणि एकदम दचकून थांबतं. एखाद्या गोंगाटात आपण मोठ्यानं बोलत असावं आणि गोंगाट अचानक बंद पडावा, तेव्हा जीभ कशी अडखळते, तसं.

भीती त्यांना नंतर वाटली. आधी राग आला. कारण एकतीस वर्षं चारशे मशिनींच्या आवाजात बसलेल्या बाईला आवाजावरून कळतं, कुठल्या मशीनमधे दोरा आहे, कुठल्या नाही, कुठलं कापड जाड आहे. हा आवाज कोरडा होता. दोरा नाही, कापड नाही, सुईसुद्धा नाही. कापड दाबून धरणारा लोखंडी फूट, आणि खालून कापड पुढं ढकलणारे लोखंडी दाते, दोघं एकमेकांवर नुसते घासत होते. कारखान्यात असं कुणी केलं तर टाचणीबाई त्याच्या हाताला धरून उठवायच्या. मशीनचा जीव जातो त्यानं.

"कोण रे तो नालायक," त्या भिंतीला म्हणाल्या, "मशीन कोरडी चालवतोय!"

भिंतीपलीकडून काही उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. भिंतीपलीकडं शेजारच्या घराची गॅलरी होती, आणि त्या घराला वर्ष झालं कुलूप होतं. तिथल्या वहिनी आधी गेल्या, पुढं चार महिन्यांनी त्यांचे साहेबही गेले. मुलगा परदेशात. घर तसंच बंद.

आठवडाभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शिवायच्या, थांबायच्या, ऐकायच्या. कधी मुद्दाम मधेच थांबायच्या, कधी दोन टाक्यांत, कधी वीस. दर वेळी पलीकडचं चार टाके पुढं. चुकून एकदाही त्यांच्याआधी सुरू झालं नाही.

मग एक दिवस त्यांनी सुनेला बोलावलं. सून बालवाडीत शिकवायची, एकला घरी यायची. मऊ बोलणारी, भांड्याला भांडं लागलं तरी भांड्याची माफी मागेल अशी. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. टाचणीबाई शिवायच्या, थांबायच्या, तिच्याकडं बघायच्या.

"आत्ता? आत्ता आला?"

"नाही हो आई."

"नीट ऐक. बाळं ऐकतात तसं नको ऐकू."

"खरंच काही नाही येत. पंख्याचा असेल का?"

"पंखा बंद आहे गं!"

सुनेनं वर पाहिलं. पंखा बंद होता. ती हळूच म्हणाली, "तुम्ही दमलाय का?" आणि तिथंच गोष्ट हातची गेली. घरातल्या म्हाताऱ्या बाईला कुणी एकदा "दमलाय का" म्हणालं की पुढचा रस्ता ठरलेला असतो.

मुलानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, या वयात इतके तीक्ष्ण कान मी बघितले नाहीत. टाचणीबाईंनी मुलाकडं विजयानं पाहिलं. मुलाचा चेहरा मात्र पडला होता. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "कान चांगले आहेत, म्हणजे प्रश्न कानांचा नाही ना, आई."

"मग कशाचा आहे? बोल की. डोक्याचा आहे म्हण."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हण ना! बापासारखं तोंडात धरून बसू नको."

घरी पोचेपर्यंत त्यानं ठरवून टाकलं होतं. दिवसभर एकटीनं कोंडून घेऊन बसणं बंद. रविवारी टेम्पोवाला येईल, मशीन त्याच्या मित्राच्या दुकानात जाईल. गॅलरीत आरामखुर्ची टाकू, दोन कुंड्या ठेवू, ऊन खात बस. हे सगळं तो प्रेमानं म्हणाला, तेच वाईट. मालकाशी भांडता येतं. प्रेमानं जागा काढून घेणाऱ्याशी कुठल्या कायद्यानं भांडायचं?

तो दिवस सोमवार होता. टाचणीबाईंच्या हातात सहा दिवस होते, आणि सिद्ध करायची होती एक गोष्ट जी फक्त त्यांनाच ऐकू येत होती.

मंगळवारी त्या वॉचमनकडं गेल्या. गळती बघायला म्हणून त्या बंद घराची किल्ली त्याच्याकडं असे.

"कशाला मावशी? तिथं काय आहे?"

"माझ्या भिंतीला ओल येतेय."

"कुठं, दाखवा."

"तुला दाखवायला मी भिंत बरोबर घेऊन फिरू का? ऊठ."

वॉचमन उठला. टाचणीबाईंपुढं न उठलेला माणूस त्या इमारतीत नव्हता.

आत बंद घराचा वास होता. फर्निचरवर चादरी, चादरींवर धूळ. चालताना दोघांच्या पावलांचे ठसे मागं उमटत होते. गॅलरीपाशी येऊन वॉचमन थांबला.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"हे गठ्ठे. मागच्या महिन्यात आलो तेव्हा वर होते."

गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. ते खाली फरशीवर नीट एकावर एक लावलेले होते. आणि टेबल समजून ते ज्यावर ठेवलेले असायचे, ते टेबल नव्हतंच. पायमशीन होती ती, मान खाली घालून आत दुमडून ठेवायची. आता दुमडलेली नव्हती. मान वर होती.

टाचणीबाई खाली वाकल्या. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या चाकाकडं जाणारा चामड्याचा पट्टा नव्हताच. पट्ट्याशिवाय पायमशीन चालत नाही. पायाखालची जाळी हलवत राहिलात तरी वर काही फिरायचं नाही. सुई नव्हती. दोऱ्याची खुंटी गंजलेली. पण दाते चकचकीत होते, धार लावलेल्या सुरीसारखे, आणि त्यांच्या भोवती पत्र्यावर काळी बारीक लोखंडी पूड पडली होती. बाईंनी बोट लावून पाहिलं. पूड ताजी होती. बोटाला चिकटली. सगळ्या घरात धूळ होती, त्या वरच्या चाकावर नव्हती.

"वहिनी शिवायच्या?" त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिल्या होत्या दोघी, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

वॉचमननं मान खाली घातली. "साहेबांना नाही चालायचं. बायको शिवणकाम करते म्हणजे लोक म्हणतील हा पोसत नाही. पट्टा त्यांनीच काढून नेला. सुया, दोरे दिसले की कचऱ्यात. चांगले कोरे रीळ असायचे हो मावशी. माझी बायको वापरायची."

"मग मशीन ठेवली कशाला?"

"वहिनींच्या आईची होती. टाकू दिली नाही त्यांनी. तेवढंच एक ऐकलं साहेबांनी. म्हणाले, ठेव, पेपर ठेवायला होईल."

टाचणीबाईंना तेव्हा जिना आठवला. किती वर्षं झाली असतील. वहिनी जिन्यात भेटल्या होत्या, पिशवी छातीशी धरून, आणि विचारलं होतं, "तुमची मशीन किती वाजता सुरू होते हो?" टाचणीबाईंना वाटलं, ही आवाजाची तक्रार घेऊन आली. त्या फाडकन म्हणाल्या, "दोन ते पाच. त्रास होत असेल तर कानात कापूस घाला." वहिनी घाबरून म्हणाल्या, "नाही नाही. रोज चालवा. मधे खंड नका पाडू." आणि भराभर वर निघून गेल्या होत्या.

साहेब दुपारी घरात असायचे. जेवून झोपायचे. या बाजूला मोटर गडगडली की त्या बाजूला वहिनी गठ्ठे खाली उतरवायच्या, मशीनची मान वर काढायच्या, आणि बहुतेक हातानंच चाक फिरवत त्या गडगडाटाच्या आडोशाला बसायच्या. सुई नाही, दोरा नाही, शिवायला कापड नाही. नुसती मशीन चालवायला. पाच वाजले की गठ्ठे परत वर. आणि आता वहिनी गेल्या होत्या, पण पाळी चुकली नव्हती. चुकला होता तो आडोसा. मुलानं आणलेल्या मुक्या मोटरनं त्यांना उघडं पाडलं होतं.

गुरुवारी त्यांनी हे वाचनालयात सांगितलं. कुणी हसलं नाही. ढोलीवालीनं हातावरचे उभे राहिलेले केस खाली दाबले. दरबारवाली म्हणाली, जुनी मोटर परत बसव, गडगडू दे. उसनीवाली म्हणाली, नको बाई, मशीन जातेय तर जाऊ दे, असल्या भिंतीपाशी बसायचंच कशाला. मोठीबाईनं मात्र वेगळंच विचारलं. "त्या जागेला ती काय म्हणायची?"

"कुणाला म्हणणार? जागाच नव्हती तिची."

"मग तू दे नाव."

"मी का देऊ?" टाचणीबाई भडकल्या. "ज्याची जागा त्यानं नाव द्यायचं. एक नवरा नावं ठेवून गेला, आता मी ठेवू?"

शुक्रवारी त्यांनी मुलाला सगळं सांगून पाहिलं. दाते, पूड, गठ्ठे. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तू तिथं कुलूप उघडून गेलीस?" आणि टेम्पोवाल्याला फोन करून रविवारची वेळ पक्की केली. दुपारी दोन. दुसरी वेळ त्याला मिळाली नाही म्हणे.

शनिवारी दोनला टाचणीबाई मशीनवर बसल्या, पण मोटरच्या पट्टीवर पाय ठेवला नाही. सून रीळ भरायला पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली होती. नवऱ्यानं सांगितलं म्हणून. ती खुंट्यांवरून एकेक रीळ काढून खोक्यात ठेवत होती, आणि प्रत्येक रिळाला "सॉरी" म्हणत असल्यासारखी दिसत होती.

"वहिनी," टाचणीबाई भिंतीला म्हणाल्या. सुनेचा हात थांबला. "मी आज मशीन लावणार नाही. उद्यापासून ती असणारही नाही. आडोसा संपला. पण मी इथं बसलेय. तुम्ही चालवा. कोण येतं ते मी बघते."

काही नाही. बाहेर कुणाच्यातरी धुण्याच्या दोरीवरचा चिमटा वाऱ्यानं काचेवर आपटत होता. सून रडवेली झाली. "आई, चहा टाकू का?"

टक.

एकच. हातानं चाक फिरवल्यासारखा. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा, चौथा. आणि पाचवा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडून कुणी टाचणीबाईंच्या आधी सुरुवात केली होती.

आणि मग त्या घराच्या पार पलीकडच्या टोकाकडून, झोपायच्या खोलीकडून, चपला घासत आल्याचा आवाज आला. जड माणूस, झोपेतून उठलेला. फरशीवर एक पाऊल, घासट, दुसरं पाऊल, घासट. पलीकडची मशीन जागच्या जागी थांबली.

सुनेच्या हातातला रीळ खाली पडला आणि घरंगळत मशीनखाली गेला. तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती. तिला ऐकू येत होतं.

टाचणीबाईंचा पाय आपोआप मोटरच्या पट्टीवर गेला. झाकायला. इतकी वर्षं नकळत झाकलंच होतं. पाय दाबला गेला, मुकी मोटर गुरगुरली, त्यात कुणाचं काय झाकणार? चपला जवळ येत होत्या. त्यांनी पाय उचलला. वाटलं, जुनी मोटर असती तर. मग वाटलं, असती तर काय? अजून एकोणीस वर्षं झाकलं असतं?

त्यांनी कापड कापायची लोखंडी कात्री उचलली आणि तिची मूठ भिंतीवर ठोकली.

"ए! कुठं निघालास? जिवंतपणी झोपमोड झाली नाही तुझी, आता कशी झाली? मी इकडं बसलेय. एकटी नाही, आम्ही दोघी बसलोय. पुढं ये, ये ना, तुझे पेपर, तुझी इज्जत, सगळं चौकात वाचून दाखवते!"

चपला भिंतीशी येऊन थांबल्या. अगदी पलीकडं. तीन फुटांवर कुणीतरी उभं आहे, हे माणसाला बघितल्याशिवायही कळतं. गिलाव्यातून गारवा येत होता. कात्री टाचणीबाईंच्या हातातच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

तेव्हा सून पुढं आली. चौकट सोडली, सासूच्या शेजारी उभी राहिली, आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं त्या आवाजात, अजिबात न चिडता, भिंतीला म्हणाली, "काका, त्या काम करताहेत. तुम्ही आत जा."

मग चपला वळल्या. घासट, पाऊल, घासट. दूर गेल्या. कुठंतरी पलंग करकरला.

मशीन लगेच सुरू झाली नाही. सून खाली बसून मशीनखालचा रीळ शोधू लागली, आणि तो हाताला लागला तेव्हाच भिंतीतून टाके यायला लागले. आधी चार. चौथ्याला टाचणीबाईंनी भिंतीला कान लावला. पाच, सहा, मग मोजायची गरज राहिली नाही.

रविवारी दोनला टेम्पोवाल्यानं बेल वाजवली. मुलगा दाराकडं निघाला तर सून आडवी. खुंट्यांवर सगळे रीळ परत लागलेले होते.

"अगं, त्याला बोलावलंय मी."

"पैसे देऊन परत पाठवा."

"आईचं डोकं..."

"मीही ऐकलंय," ती म्हणाली. "हवं तर माझेही कान तपासून आणा. मशीन कुठं जाणार नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि मुलानं बायकोला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. तो आईकडं बघू लागला, जणू हे आईनंच शिकवलं असणार. टाचणीबाई तिथं नव्हत्या. गॅलरीचं दार आतून लागलेलं होतं. आतून मोटरचा आवाज येत नव्हता, ती मुकीच होती. येत होता तो दुसराच आवाज, आणि मुलाला वाटलं आईचीच मशीन आहे, म्हणून तो त्यावर काही बोलला नाही. नुसता टेम्पोवाल्याला सांगायला जिना उतरला.

आवाज कोरडाच होता. दोरा नाही, कापड नाही. पण तो पाच वाजेपर्यंत मधे कुठंही थांबला नाही.